हर्णैला जायचंय? मग हे वाचा

हर्णै म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातलं मासेमारी बंदर, दापोलीहून साधारण १५-१६ किमी, एसटी मिळते, रेल्वेने येणार असाल तर खेडला उतरा. जून-जुलैत मात्र येऊ नका, मासेमारी बंद असते आणि समुद्रातल्या सुवर्णदुर्ग किल्ल्यावर होडीही जात नाही.

पोचायचं ते दुपारी चारच्या आसपास, कारण खरी मजा संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात आहे, बोटी लांब नांगर टाकून उभ्या, माल छोट्या होड्यांतून नाहीतर बैलगाडीतून येतो, बैल चक्क पाण्यात उभे असतात, आणि वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे ढीग लागतात. चपला जुन्याच घाला, वास दोन दिवस जात नाही (अनुभव!). मासे विकणाऱ्या मावशींचे फोटो काढायच्या आधी विचारा, आणि भावात घासाघीस जमत नसेल तर गप्प बघत राहा.

सुवर्णदुर्गला सकाळी जा, होडीचं भाडं बसायच्या आधीच ठरवून घ्या, पाणी सोबत न्या. दरवाज्यात पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीतला मारुती नीट बघा, बरेच जण सेल्फीच्या नादात तसेच पुढे जातात. मराठा आरमाराचे प्रमुख असलेल्या आंग्र्यांचं हे आरमारी ठाणं, १७५५ मध्ये इंग्रजांच्या आरमारी अधिकारी विल्यम जेम्सने पेशव्यांच्या संगनमताने घेतलं, आपलेच आपल्यावर उलटले म्हणायचं. किनाऱ्यावरचा कनकदुर्ग किल्ला दीपगृहासाठी बघा, फत्तेगडावर आता कोळ्यांची वस्ती आहे.