प्लग-इन हायब्रिड की पूर्ण इलेक्ट्रिक? सुरुवात पार्किंगमधून करा

गाडी घ्यायची ठरली की आपण आधी यूट्यूबवर रिव्ह्यू बघतो, मग शोरूम गाठतो आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना सगळ्यात शेवटी भेटतो. या खरेदीत क्रम उलटा लावा.

त्याआधी शब्दांचा घोळ निस्तरू. आपल्याकडे शोरूममध्ये ‘हायब्रिड’ म्हणून जी गाडी दाखवतात ती बहुतेक वेळा स्ट्राँग हायब्रिड असते, म्हणजे पेट्रोल इंजिनाला छोटी बॅटरी आणि विजेची मोटर जोडलेली. तिला प्लग नसतो. मारुती ग्रँड व्हिटाराच्या हायब्रिडची बॅटरी जेमतेम 0.76 युनिट वीज मावेल एवढीच आहे, आणि ती इंजिनवर आणि ब्रेक लावताना वाचणाऱ्या ऊर्जेवर भरते. प्लग-इन हायब्रिडची बॅटरी याच्या कितीतरी पट मोठी असते. ती भिंतीवरच्या प्लगला लावली की बऱ्याच मॉडेल्समध्ये पन्नास-साठ किलोमीटर विजेवर जाता येतं, मग पेट्रोल सुरू. पूर्ण इलेक्ट्रिकमध्ये इंजिनच नाही.

भारतात प्लग-इन हायब्रिड आजवर मुख्यतः श्रीमंतांच्याच गॅरेजात दिसली. डिसेंबर 2022 मध्ये आलेली बीएमडब्ल्यू एक्सएम 2 कोटी 60 लाखांची होती. त्यामुळे न्यू जर्सीतला भाचा फोनवर ‘प्लग-इन घे, दोन्हीकडचा फायदा’ म्हणतो तेव्हा तो त्याच्या बाजारातलं बोलतोय हे लक्षात ठेवा. वीस लाखांच्या आसपास बजेट असेल तर इथे खरी निवड स्ट्राँग हायब्रिड की इलेक्ट्रिक, एवढीच आहे. निवडीच्या पायऱ्या मात्र कोणत्याही बजेटला त्याच.

पहिली पायरी: स्वतःच्या पार्किंगमध्ये जाऊन उभे राहा

गाडी रोज रात्री जिथे उभी राहते तिथून मीटर रूम किती लांब आहे ते बघा. केबल कुठून येईल, कोणाच्या भिंतीवरून जाईल, जागा तुमच्या नावावर आहे की सोसायटी दरवर्षी चिठ्ठ्या टाकते, हे सगळं विचारून घ्या.

घरी मोठा चार्जर लागतोच, हा गैरसमज आहे. 15 अँपिअरच्या सॉकेटवर साधारण 3.3 किलोवॉट मिळतात. रात्रीच्या नऊ-दहा तासांत तीसेक युनिट, म्हणजे मध्यम आकाराच्या गाडीला दीडशे किलोमीटरच्या वर. रोज एवढं कोण फिरतं? पण ही लाइन स्वतंत्र हवी: वेगळा एमसीबी (लोड जास्त झाला की वीज तोडणारा स्विच), जाड वायर आणि तपासून घेतलेलं अर्थिंग. एक्स्टेन्शन बोर्ड अजिबात नको. सॉकेट तासन्‌तास पूर्ण लोडवर चालतं आणि जुनी वायरिंग तिथेच दगा देते.

चार्जिंगसाठी वेगळी वीजजोडणी मागण्याचा हक्क केंद्राच्या 2024 च्या सुधारित ग्राहक-हक्क नियमांनी दिला आहे. अर्जासोबत त्याचा उल्लेख करा. आमच्या सोसायटीत हा विषय तीन सभांमध्ये ‘पुढील सभेत घेऊ’वर संपला, म्हणून सांगतो, बुकिंगच्या आधी लेखी एनओसी हातात घ्या.

प्लगची सोय होणारच नसेल तर इलेक्ट्रिकचा विचार सध्या बाजूला ठेवा. आणि प्लग-इन हायब्रिडचा तर त्याहून आधी. युरोपीय आयोगाने 2024 मध्ये रस्त्यावरच्या गाड्यांची माहिती तपासली, तेव्हा प्लग-इन हायब्रिडचं प्रत्यक्ष कार्बन उत्सर्जन प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघालं. मोठं कारण साधं होतं: लोक त्या अपेक्षेइतक्या चार्जच करत नव्हते. न भरलेली मोठी बॅटरी म्हणजे पेट्रोल गाडीने उगाच वाहिलेलं ओझं.

दुसरी पायरी: जुन्या गाडीची सर्व्हिसची बिलं काढा

प्रत्येक बिलावर तारीख आणि किलोमीटर असतात. दोन बिलांमधला फरक दिवसांनी भागा. ‘रोज साठ-सत्तर होतात’ म्हणणाऱ्यांचे प्रत्यक्षात तीस निघालेले मी पाहिले आहेत.

तिसरी पायरी: लांबचे प्रवास मोजा, आठवू नका

गेल्या वर्षात एका दिवसात अडीचशे किलोमीटरच्या पुढे किती वेळा गेलात? कॅलेंडर आणि फास्टॅगचे मेसेज बघून लिहा. मग रेंज, म्हणजे एका पूर्ण चार्जमध्ये गाडी किती जाते ते. जाहिरातीतल्या आकड्याचे सत्तर-पंचाहत्तर टक्के धरा. नेक्सॉन ईव्हीच्या 45 युनिटच्या बॅटरीची प्रमाणित रेंज 489 किलोमीटर असली, तरी प्रत्यक्षात साडेतीनशे-पावणेचारशे मिळतील असं टाटाच सांगते.

मुंबई-पुणे तर चिंताच नको. खंडाळ्याच्या चढावर बॅटरीचे टक्के भराभर उतरतात, पण परतीच्या उतारावर थोडे परत मिळतात. समृद्धीची गोष्ट वेगळी. नागपूर ते मुंबई 701 किलोमीटरचा हा रस्ता जून 2025 मध्ये पूर्ण खुला झाला. तिथे 120 ने गाडी सोडली की हवेचा रोध वाढून रेंज डोळ्यांदेखत घटते. 90-95 ने चालवण्याचा संयम आहे का, हे घरच्यांना विचारा, स्वतःला नको. कोकणात गणपतीला जाणाऱ्यांनी वाटेवरचा एक नव्हे, दोन चार्जर ठरवून ठेवावेत, कारण त्या आठवड्यात सगळे एकाच दिशेला निघालेले असतात.

असे प्रवास वर्षात चार-पाच असतील तर त्यांच्यासाठी उरलेले तीनशेसाठ दिवस पेट्रोल जाळू नका. दर शनिवारी गावी जायचं आणि गावात वीज बेभरवशाची, अशी स्थिती असेल तर हायब्रिड घ्या आणि निवांत राहा.

चौथी पायरी: पैसे

महिन्याला हजार किलोमीटर धरू. इलेक्ट्रिक गाडी चार्जिंगमधली गळती धरून युनिटला सहा किलोमीटर गेली तर सुमारे 167 युनिट लागतील. युनिटला 12 रुपये धरले तर खर्च 2,000 रुपये. शहरात लिटरला वीस देणाऱ्या हायब्रिडला 50 लिटर, 104 रुपयांनी 5,200. म्हणजे महिन्याला बत्तीसशेचा फरक. तुमच्या बिलातला सगळ्यात वरच्या स्लॅबचा दर इथे घाला, सरासरी नव्हे, कारण गाडीचे युनिट वरच्या स्लॅबमध्येच जातात. बाहेरच्या फास्ट चार्जरचा दर घरच्यापेक्षा बराच चढा असतो. सगळं चार्जिंग तिथेच होणार असेल तर हा फरक निम्म्यावर येऊ शकतो.

इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी 5 टक्के आहे, तर चार मीटरपेक्षा लांब हायब्रिडवर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के. राज्याच्या 2025 च्या धोरणात अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धीवर इलेक्ट्रिक मोटारींना टोलमाफी आहे. टोल कापला तर नाही ना, हे पहिल्याच फेरीत फास्टॅगच्या मेसेजवर तपासा. मात्र कर्जाच्या व्याजावर दीड लाखाची प्राप्तिकर सूट मिळेल असं कोणी सांगितलं तर मान डोलवू नका. ती 31 मार्च 2023 पर्यंत मंजूर झालेल्या कर्जांनाच होती.

बॅटरीची वॉरंटी बऱ्याच कंपन्या 8 वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटर देतात. दुसऱ्या मालकाला ती मिळते का, हे कागदावर वाचा.

पाचवी पायरी: टेस्ट ड्राइव्हला आईवडिलांना न्या

इलेक्ट्रिक गाडीत बॅटरी पायाखाली असल्यामुळे काही मॉडेल्समध्ये मागची फरशी उंच होते, मांड्यांना आधार मिळत नाही आणि दोन तासांनी गुडघे बोलायला लागतात. हायब्रिडमध्ये डिकीची जागा कमी झालीय का, स्टेपनी आहे की नुसतं पंक्चर किट, ते उघडून बघा. मग चौघं बसून, एसी लावून, जवळच्या घाटात गाडी चढवा. निघताना आणि परतल्यावर टक्के आणि किलोमीटर मोबाइलमध्ये टिपून घ्या. सेल्समन सोबत असेल तर तो बोलत राहील, आकडे तुम्हीच लिहा.