पेपरचा कल पट्टीने मोजा
लोकसभेच्या प्रचारात एकाच पेपरची पुणे आवृत्ती सलग 14 दिवस ठेवा. दोन दिवसांवर निष्कर्ष काढला तर एखाद्या मोठ्या सभेने आकडे फुगतात. बातमीची उंची सेंटिमीटरमध्ये मोजून कॉलमच्या संख्येने गुणा: 12 सेंमी, 3 कॉलम म्हणजे 36 कॉलम-सेंटिमीटर. उमेदवारनिहाय वहीत मांडा. पहिलं पान वेगळं, जाहिराती तर अजिबात मिसळू नका. बातमीचा सूर, म्हणजे ती उमेदवाराच्या बाजूची, विरोधी की तटस्थ, हे दोघांनी स्वतंत्रपणे ठरवावं. मथळा वेगळा धरा, खोडी बहुधा तिथेच असते. कमी जागा म्हणजे पक्षपातच असं नाही. कोथरूडात ज्याने सभाच घेतली नाही, त्याची बातमी येणार कुठून? मात्र तोच स्तुतीपर मजकूर दोन पेपरांत शब्दशः दिसला, तर पेड न्यूजचा, म्हणजे पैसे घेऊन बातमी म्हणून छापलेल्या मजकुराचा, संशय घ्या आणि कात्रणं तारखेसह जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समितीकडे द्या.