बालकलाकाराला दिग्दर्शक व्हायचंय? विदर्भातल्या गावात राहून करायची तयारी

सचिन पिळगावकर १९६३ च्या ‘हा माझा मार्ग एकला’मध्ये लहान पोराच्या भूमिकेत दिसले, दिग्दर्शक म्हणून त्यांचा ‘मायबाप’ आला १९८२ मध्ये. महेश कोठारे ‘छोटा जवान’ आणि ‘राजा और रंक’मधले बालकलाकार, त्यांचा ‘धूमधडाका’ १९८५ चा, आणि मधल्या काळात त्यांनी वकिलीची पदवीही घेतली. दोघांनाही वीसेक वर्षं लागली. गावातल्या नाटकात किंवा एखाद्या सिनेमात पोराचं कौतुक झालं आणि तो ‘मला डायरेक्टर व्हायचंय’ म्हणू लागला, तर आईबापांनी आणि मास्तरांनी हिशेब एवढ्या लांबचाच धरावा.

तेरा-चौदाव्या वर्षी आवाज फुटतो, उंची वाढते आणि कामं अचानक थांबतात. लहान मुलासाठी लिहिलेल्या भूमिका संपलेल्या असतात आणि तरुणाच्या भूमिकेत तो बसत नाही. बहुतेक घरं इथेच घाबरून मुंबईच्या चकरा सुरू करतात. आमच्या मते हीच वर्षं कॅमेऱ्याच्या मागे जायला सगळ्यात सोयीची.

काम चालू असताना

आधी कागद. चौदा वर्षांखालच्या मुलाला सिनेमात किंवा मालिकेत घ्यायचं तर निर्मात्याने जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढावी लागते. दिवसाला ५ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग ३ तासांपेक्षा जास्त नाही, आणि सलग २७ दिवसांच्या वर नाही. मिळालेल्या पैशातले किमान २० टक्के मुलाच्या नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकायचे असतात. ती पावती मागून घ्या. पुढे कॉलेजला कामाला येते. ऑडिशनसाठी, ‘कार्ड’साठी किंवा फोटोंच्या अल्बमसाठी कोणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा. काम देणारा पैसे देतो, घेत नाही.

सेटवर पोराच्या हाती दोनशे पानी वही द्या. स्वतःचा सीन झाला की मोबाइल घेऊन बसायचं नाही, मॉनिटरमागे गुपचूप उभं राहायचं. प्रत्येक शॉटमागे चार गोष्टी लिहायच्या: कॅमेरा कुठे होता, शॉट किती जवळचा, किती टेक झाले आणि आधीचा टेक का बाद झाला. शेवटचा रकाना सगळ्यात मोलाचा. आवाज आला, फोकस गेला, सावली पडली, नट संवाद विसरला, अशी कारणं पन्नास पानं भरली की काम बिघडतं कुठे ते पोराला आपोआप दिसू लागतं. सिनेमा आल्यावर वही घेऊन तो पुन्हा पाहावा आणि कोणता शॉट कापला ते खुणवावं.

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या पोरांना एक शाळा फुकटात आहे, ती झाडीपट्टी रंगभूमीची, म्हणजे या भागातल्या गावोगावच्या नाटकांची. दिवाळीनंतर मंडई (गावजत्रा) आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) सुरू झाले की रात्रभर नाटकं लागतात. गडचिरोलीतल्या वडशाला नाट्यमंडळांची कार्यालयं आहेत. तिथे स्टेजवर जागा मिळवण्यापेक्षा प्रॉम्प्टरजवळ, म्हणजे नटांना संवाद पुरवणाऱ्याजवळ, बसायची जागा मागा. तालमी थोड्या असल्याने नाटक बरंचसं प्रॉम्प्टरवर चालतं. त्याच्या हातात संहिता, समोर नट आणि पलीकडे प्रेक्षक. कुठे हशा उशिरा आला, कुठे लोक उठून चहाला गेले, हे संहितेच्या कडेला पेन्सिलीने टिपायचं. पश्चिमेकडे अकोला-बुलडाण्यात हे नसेल, तर राज्य बालनाट्य स्पर्धेच्या प्रयोगांना जाऊन तेच करा.

पहिली फिल्म

पाच मिनिटांची. त्याहून मोठी नको. संहितेचं एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट, म्हणून पाच पानं, दोन-तीन पात्रं, दोनच जागा. संवाद आपल्या तालुक्याच्या बोलीत लिहा. वऱ्हाडी वेगळी, झाडीबोली वेगळी. आणि ‘कावून बे’ (का रे) प्रत्येक वाक्यात टाकलं की ती बोली राहत नाही, विनोदी नाटकातला नोकर होतो.

शूटिंग फोनवरच करायचं, आणि दिवसाला संहितेच्या दोन पानांच्या वर धरू नका. उन्हाळ्यात सकाळी ६ ते साडेनऊ आणि संध्याकाळी साडेचारनंतर, एवढाच उजेड कामाचा. दुपारचं ऊन डोक्यावरून पडतं, डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात, वर फोन तापून बंद पडतो. तापलेला फोन फ्रिजमध्ये किंवा माठाला लावून ठेवू नका, लेन्सच्या आत वाफ धरते. कव्हर काढून सावलीत ठेवा. शक्य असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी निवडा, पण कापूस वेचणी किंवा धान कापणी चालू असताना मोठी माणसं नट म्हणून मिळणार नाहीत, हे धरून चला.

फोनवर सेकंदाला २५ फ्रेम ठेवा आणि घरात ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली शटर १/५० सेकंद करा. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. फोनच्या नेहमीच्या ३० फ्रेमवर चित्रात काळे पट्टे सरकताना दिसू शकतात. साध्या कॅमेऱ्यात हे बदलता येत नसेल तर मॅन्युअल नियंत्रणाचं मोफत अ‍ॅप टाका. पडद्यावर बोट दाबून फोकस आणि उजेड लॉक करा, नाही तर कोणी समोरून गेलं की चित्र उजळतं-काळवंडतं. एक मिनिट फुल एचडीला साधारण सव्वाशे एमबी लागतात, म्हणून निघण्याआधी फोन रिकामा करा.

दोघं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामध्ये एक सरळ रेघ मनात आखा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. रेघ ओलांडली की पडद्यावर दोघंही एकाच दिशेला बघताना दिसतात, आणि प्रेक्षक गोंधळतो. हे एडिटिंगला बसल्यावर कळतं, तोवर उशीर झालेला असतो.

गावच्या फिल्म चित्रापेक्षा आवाजामुळे जास्त फसतात. कूलर, पंखा, विहिरीवरची मोटर बंद करायला एक माणूस नेमा. कॉलरचा वायरवाला माइक दुसऱ्या फोनला लावून हनुवटीखाली वीतभर अंतरावर टाचा. सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा म्हणजे नंतर आवाज जुळवता येतो. खोली घुमत असेल तर कॅमेऱ्याच्या मागच्या भिंतीवर दोन गोधड्या टांगा. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प करून तीस सेकंद नुसती शांतता रेकॉर्ड करा. कट झाकायला ती लागते.

आणखी एकाला कंटिन्यूइटीवर, म्हणजे एका शॉटमधलं पुढच्या शॉटशी जुळतं का ते बघायला, बसवा: बाही कोणत्या हाताची दुमडली होती, पायाला चिखल किती, पेल्यात पाणी कुठवर, बैल कोणत्या अंगाला बांधला होता. प्रत्येक शॉटनंतर एक फोटो.

नट म्हणून आलेल्या पोट्ट्यांना अभिनय करून दाखवू नका. ते तुमची नक्कल करतील. स्वतः बालकलाकार असलेला दिग्दर्शक हीच चूक हटकून करतो, कारण त्याला करून दाखवता येतं. त्याऐवजी हाताला काम द्या: दोर वळ, तुरीच्या शेंगा सोल, आणि बोलता बोलता हे सांग. ‘रड’ म्हणून कोणी खरं रडत नाही. चौथ्या टेकनंतर लहान मुलं घोटवलेलं बोलू लागतात; तिथे थांबून कॅमेऱ्याची जागा बदला. बघ्यांची गर्दी टाळायची तर शाळा भरलेली असताना मोठ्यांचे सीन घ्या.

संध्याकाळी सगळं दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय फोन रिकामा करू नये. एडिटिंग आधी संगीताशिवाय करा. कंटाळवाणा सीन संगीताखाली लपतो आणि कापायचा राहून जातो. सिनेमाची गाणी वापरू नका, ऑनलाइन टाकताच हक्काची अडचण येते आणि बरेच महोत्सवही घेत नाहीत. गावच्या भजनी मंडळाचं किंवा दंडारीचं (इकडच्या लोकनाट्याचं) रेकॉर्डिंग घ्या, गाणाऱ्यांची लेखी संमती घेऊन.

पुढे

दहावी-बारावी सोडू नका. पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेच्या दिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमाला कोणत्याही शाखेची पदवी लागते, शिवाय प्रवेश परीक्षा असते. घराजवळ शिकायचं तर वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात नाटक आणि सिनेमाचा विभाग आहे. पुण्यात विद्यापीठाचं ललित कला केंद्र नाटकासाठी चांगलं.

संस्थेत गेलं नाही तरी सहायक म्हणून राबणं चुकत नाही. सगळ्यात खालच्या सहायकाकडे क्लॅप, कंटिन्यूइटी आणि कलाकारांना वेळेवर आणणं, एवढंच असतं. इथे जुनी ओळख आडवी येते: ‘तू तर त्या सिनेमातला ना?’ म्हणत लोक कौतुक करतात, पण काम सांगायला कचरतात. पहिल्याच दिवशी सगळ्यांच्या आधी पोचून कॉलशीट (कोणी किती वाजता यायचं त्याचा कागद) वाटली की ते मिटतं. भेटायला जाताना अभिनयाचे फोटो नेऊ नका. पाच मिनिटांची फिल्म पेनड्राइव्हवर, सेटवरची ती वही आणि एका संहितेचं सीनवार ब्रेकडाउन (कुठे कोणते कलाकार, कपडे, वस्तू, गाडी लागेल) सोबत ठेवा. मानधन, मुक्काम आणि श्रेयनामावलीत कोणत्या पदाने नाव येणार, हे तिन्ही निदान व्हॉट्सअ‍ॅपवर तरी लिहून घ्या, शूटिंग सुरू व्हायच्या आधी.