परतीची गाडी आधी बघा

गोव्यात राहायला आलेल्या मराठी घरांचं पहिलं वर्ष बहुतेक सारखंच जातं. पणजी, कळंगुट, मंगेशी, शांतादुर्गा, मग पाहुणे आले की पुन्हा तेच. दिवाळीपर्यंत घरातलं कुणीतरी म्हणतं, "गोवा बघून झाला." मला हे ऐकवत नाही. डोंबिवली सोडून मडगावजवळच्या फातोर्ड्याला आले त्याला आता 19 वर्षं झाली, आणि अजूनही महिन्यातून एखादा रविवार मी मडगाव स्टेशनवर जाते, छोट्या स्टेशनाचं तिकीट काढते आणि संध्याकाळी घरी येते. समुद्राच्या रस्त्यावरून जो गोवा दिसतच नाही, तो रेल्वेच्या खिडकीतून दिसतो.

आपण मुंबई-ठाण्याकडून आलेले असलो तर एक सवय आधी मोडावी लागते. इथे लोकल नाही. दर चार मिनिटांनी गाडी नाही, दर तासालाही नाही. काही स्टेशनांवर थांबणाऱ्या गाड्या हाताच्या बोटांवर मोजता येतात. म्हणून जायची नाही, परतीची गाडी आधी बघायची, आणि तिच्यावरून दिवस आखायचा. ती चुकली तर बसने कुठून कुठे यायचं हेही निघायच्या आधी ठरवून ठेवायचं.

हे मी शिकले काणकोणला. आमचा गोव्यातला पहिलाच पावसाळा. मुलगा सहा वर्षांचा, त्याला घेऊन पाळोळ्याला गेले. वेळापत्रक पाहिलं होतं, पण ते उन्हाळ्याचं. कोकण रेल्वेवर जूनमध्ये पावसाळी वेळापत्रक लागतं, दरडींच्या भीतीने गाड्यांचा वेग कमी करतात आणि वेळा बदलतात, हे मला ठाऊकच नव्हतं. भिजत स्टेशनवर पोचलो तर फलाट रिकामा. बाहेर एक पायलट रेनकोट घालून बसला होता. (पायलट म्हणजे पिवळ्या मडगार्डची भाड्याची मोटरसायकल. गोव्यातला हा जुना आणि भरवशाचा धंदा आहे, वापरायला लाजू नका.) तो म्हणाला, "गाडी गेली गो बाय. पावसाळी टायम लागला." त्याने आम्हाला चावडीच्या, म्हणजे काणकोणच्या बाजारगावातल्या, बसस्टँडवर सोडलं आणि कदंबा (गोव्याची एसटी) बस येईपर्यंत तो तिथेच उभा राहिला. करमल घाटातून अंधारात, काचा बंद करून आम्ही घरी आलो. मुलगा पूर्ण वेळ माझा दंड धरून बसला होता. तेव्हापासून निघायच्या सकाळी रेल्वेच्या ॲपवर त्या दिवसाची गाडी बघितल्याशिवाय मी घराला कुलूप लावत नाही. तुम्हीही लावू नका.

आता रेल्वेची मांडणी. गोव्यात दोन रेल्वे आहेत आणि त्या दोन वेगळ्या जगांतून जातात. उत्तर-दक्षिण जाते ती कोकण रेल्वे: पेडणे, थिवी, करमळी, वेर्णा, माजोर्डा, मडगाव, बाळ्ळी, काणकोण, लोलये. ही 1998 साली पूर्ण सुरू झाली. पूर्व-पश्चिम जाते ती दक्षिण-पश्चिम रेल्वे: वास्को, दाबोळी, सांकवाळ, कासावली, माजोर्डा, मडगाव, चांदोर, सावर्डे, कुळे, आणि मग घाट चढून कॅसलरॉक. ही पोर्तुगीज अमदानीतली, 1880च्या दशकात इंग्रजी भांडवलावर मुरगाव बंदरासाठी घातलेली. माजोर्डा आणि मडगाव ही दोन्हींची सामाईक स्टेशनं. पणजीला रेल्वेच नाही. तिथल्यांनी करमळी गाठावं, म्हापसा-पर्वरीच्यांनी थिवी.

तिकिटाचं थोडक्यात. पॅसेंजरचं साधं तिकीट काढून एक्स्प्रेसमध्ये चढू नका, दंड होतो. खिडकीवर गाडीचं नाव सांगूनच तिकीट मागा. जवळच्या प्रवासाचं अनारक्षित तिकीट काढल्यापासून तीन तासांत किंवा त्यानंतरच्या पहिल्या गाडीने निघावं लागतं, तेव्हा सकाळी काढून दुपारी जाऊ म्हणू नका. स्टेशनाचं नाव पाटीवर एक आणि लोकांच्या तोंडी दुसरं, हेही होतं. इंग्रजी पाटी वाचून 'सॅन्व्होर्डेम' म्हणाल तर समोरचा थांबेल, 'सावर्डे' म्हणा. दुपारी एक ते साडेतीन-चारपर्यंत गावोगावची दुकानं बंद असतात, रविवारी बाजारही थंड असतो. पाणी आणि थोडं खाणं बरोबर असू द्या.

पहिल्यांदा जात असाल तर वास्को-कुळे मार्गावर जा आणि चांदोरला उतरा. सकाळच्या गाडीत मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका असतात, कॉलेजची मुलं असतात, आणि मडगाव सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत दोन्ही बाजूंना शेतं लागतात. चांदोर स्टेशन अगदी लहान. तिथून चालत गेलं की गावाचा चौक, चर्च, आणि समोर मिनेझिस ब्रागांझांचा वाडा: खिडक्यांची लांबच लांब रांग आणि आत अजून राहतं घर. लुईस द मिनेझिस ब्रागांझा (1878 ते 1938) याच घरातले. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पोर्तुगीजमध्येच निर्भीडपणे लिहिणारे पत्रकार. गोव्याच्या लोकांना स्वतःचं भवितव्य ठरवण्याचा हक्क आहे, हे त्यांनी 1930 साली पोर्तुगीजांच्या कौन्सिलमध्ये उभं राहून मांडलं. वाडा बघायला तिकीट खिडकी नसते. घरातलंच कुणी दाखवतं आणि आपण देणगी ठेवायची. घंटा वाजवा, दोन मिनिटं थांबा, फोटो विचारून काढा. मी पहिल्यांदा गेले तेव्हा नाचाच्या दिवाणखान्यातल्या वेताच्या खुर्च्या आणि वरची झुंबरं बघत उभी होते आणि आतून फोडणीचा वास येत होता. वस्तुसंग्रहालयात हा वास येत नाही.

पण मला चांदोरला ओढून नेतं ते दुसरंच. चांदोर म्हणजे चंद्रपूर, गोव्याच्या कदंबांची जुनी राजधानी. कोट नावाच्या भागात जुन्या शिवमंदिराचा पाया उरलाय आणि शीर नसलेला एक नंदी आहे. तिथे ना गर्दी, ना दुकान. विचारत जावं लागतं. आणि 7 जानेवारीच्या सुमाराला याच गावातले ख्रिस्ती पुरुष हातात मुसळं घेऊन मुसळखेळ खेळतात, विजयनगरच्या विजयाची आठवण म्हणून. राजधानी गेली, धर्म बदलला, खेळ राहिला.

इथे एक गोष्ट सांगते, म्हणजे या रेल्वेकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. आपण मंगेशी-म्हार्दोळला जातो ते देव मूळचे तिथले नव्हेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी सासष्टी, तिसवाडी, बारदेशातली देवळं पाडली तेव्हा लोकांनी रातोरात मूर्ती नदीपलीकडे, तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात नसलेल्या मुलखात नेल्या. मंगेश कुठ्ठाळीचा. म्हाळसा वेर्ण्याची, ती म्हार्दोळला गेली. लक्ष्मीनरसिंह सांकवाळचा, तो वेलिंगला. दामोदर मडगावचा, तो जांबावलीला. यांतली वेर्णा, सांकवाळ, मडगाव ही रेल्वेची स्टेशनंच आहेत. फोंड्याकडे आपण देवांची आजची घरं बघतो, आणि गाडी त्यांच्या मूळ गावांतून जाते.

म्हणून सांकवाळला एकदा उतरा. जुन्या चर्चची फक्त दर्शनी भिंत उभी आहे. भोवतीच्या झाडीत ती एकटी भिंत बघताना मन गप्प होतं. याच सांकवाळला 1876 साली धर्मानंद कोसंबी जन्मले. बौद्ध धर्माच्या ओढीने या खेड्यातून निघून ते नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेशापर्यंत गेले, पाली शिकले आणि मराठीत लिहीत राहिले. मराठी माणसाने हे गाव न बघता गोवा बघितला म्हणू नये, असं मला मनापासून वाटतं. पुढे वास्कोला गेलात तर नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी जा. दामोदराचा भजनी सप्ताह तेव्हा सुरू होतो, भजन रात्रभर चालतं आणि अभंग ओळखीचे असतात.

चांदोरच्या पुढे सावर्डे-कुडचडे, झुआरी नदीच्या दोन काठांवरची जोडगावं, खाणींच्या पट्ट्यातली. बाजार चांगला, बघण्यासारखं वेगळं काही नाही. कुळे हे पॅसेंजरचं शेवटचं स्टेशन. तिथून घाट चढायला गाड्यांना जादा इंजिनं जोडतात, कारण चढ 37 मीटरला एक मीटर आहे. मुलांना हे इंजिन जोडणं दाखवा, खूप रमतात. दूधसागरसाठी पावसाळा संपल्यावर कुळ्याहून जीप जातात. रुळांवरून चालत किंवा दूधसागर स्टेशनवर उतरून मात्र जाऊ नका. त्याला बंदी आहे, आणि त्या बोगद्यांत खरोखर जीव गेलेले आहेत. भर पावसात धबधबा बघायचा तर घाट चढणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाडीत बसून खिडकीतून बघा.

उत्तरेकडे करमळी. जुनं गोवं दोन-तीन किलोमीटरवर, बॉम जेझूची बासिलिका आणि से कॅथेड्रल तुम्ही बघालच. माझं मागणं एवढंच की स्टेशनजवळच्या तळ्यावर अर्धा तास द्या. डिसेंबर-जानेवारीत सकाळी गेलात तर अडई बदकांचा थवा शीळ घालत उठतो, जांभळ्या पाणकोंबड्या लाल पाय उचलत पानांवरून चालतात. आणि कुणी ब्रह्मदेवाच्या देवळाचं करमळी विचारलं तर ते हे नव्हे. ते ब्रह्माकरमळी, सत्तरीत. मूर्ती इथूनच तिकडे गेली आणि गावाचं नावही बरोबर घेऊन गेली.

थिवीहून शुक्रवारी म्हापशाचा बाजार करा. पेडण्यापुढे गाडी महाराष्ट्रात शिरते आणि सावंतवाडी येते. स्टेशन शहरापासून लांब, मळगावला आहे, रिक्षा करावी लागते. मोती तलाव, राजवाडा आणि चितार आळीतली लाकडी खेळणी एवढ्यात दिवस सरतो.

डब्यात गप्पा सुरू होतातच. तुमची मराठी सगळ्यांना कळते, पुष्कळ जण मराठी पेपर वाचतात. पण "कोंकणी म्हणजे मराठीचीच बोली ना?" हे कुणाला म्हणू नका. गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावर 1967 साली झालेल्या जनमत कौलाच्या आठवणी अजून घराघरांत आहेत, आणि त्या एका वाक्याने समोरचा माणूस मिटतो. त्यापेक्षा दोन शब्द शिका. मी पहिला शब्द शिकले 'पावलें', पोचले या अर्थाचा, स्टेशनवर उतरून घरी फोन करताना.

शेवटी बाळ्ळी, तेही शिगम्याच्या दिवसांत. कुंकळ्ळी हे जवळचं गाव. 1583 साली या गावाने पोर्तुगीजांविरुद्ध उठाव केला आणि गावच्या प्रमुखांना त्यासाठी मारलं गेलं. त्यांची शांतादुर्गा फातर्प्याला गेली ती तिथेच राहिली, पण तिचं नाव आजही कुंकळ्ळीकरीण आहे. फातर्प्याची म्हणून तिला कुणी हाक मारत नाही. मी 19 वर्षं फातोर्ड्यात राहते आणि शेजारी अजून डोंबिवलीची म्हणतात, त्याचं मला हे कळलं त्या दिवसापासून वाईट वाटेनासं झालं. वर्षातून एकदा छत्रोत्सवाला देवी पालखीतून कुंकळ्ळीत आपल्या मूळ जागी येते. पुढे बारा छत्र्या, बारा वांगडांच्या (गावच्या मूळ कुळांच्या), आणि इतका गुलाल की समोरचा माणूस दिसत नाही. दुपारनंतर बाळ्ळी स्टेशनवर आलं की फलाटावरची बाकं, तिकीट खिडकीचं लाकूड, पोरांचे कान सगळं गुलाबी झालेलं असतं, आणि परतीच्या गाडीत बसायला जागा नसते. उभ्याने या, पण त्या गाडीने या.