बरा होणार का, असं कुणी विचारलं तर मटकी भिजवा

इंदूरच्या एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्या मिळतात तिथे, मी समुपदेशक आहे. २०२५ च्या जूनमध्ये एचआयव्हीवर इलाज सापडल्याची बातमी मोबाइलवर फिरली. पुढच्याच आठवड्यात नंदानगरचे एक काका आले आणि रिकाम्या हातानेच परत निघाले. "ताई, औषध आलंच आहे आता, मग ह्या गोळ्या कशाला?" तेव्हापासून मी टेबलाच्या खणात मटकी ठेवते. तुमच्या घरी, ओळखीत कुणी असं विचारलं, तर मी काय करते ते सांगते.

आदल्या दिवशी मूठभर मटकी भिजवा. निवडलेली किंवा पॅकेटबंद नको, सुटी घ्या. रात्री उपसून फडक्यात घट्ट बांधा. मोड आले की पुरचुंडी ऐकणाऱ्याच्या हातात द्या आणि त्यालाच चाळायला लावा. दोन-चार गणंग सापडतातच, भिजून भिजून तसेच टणक आणि चकचकीत. दाताखाली आले की डोळ्यांसमोर तारे. हा गणंग त्याच्या तळहातावर ठेवा आणि मगच बोला.

मोड आलेले दाणे म्हणजे विषाणू जागा असलेल्या पेशी. रोजची गोळी विषाणूला नव्या पेशीत घर करू देत नाही. जागा विषाणू ज्या पेशीत असतो ती फार दिवस टिकत नाही, आणि रिपोर्टवर 'विषाणू आढळला नाही' असं येतं. रिपोर्ट खोटा नसतो. पण काही सीडी४ पेशी, म्हणजे विषाणू ज्यांत शिरतो त्या रोगप्रतिकारक पेशी, विश्रांतीला गेलेल्या असतात. त्यांच्या डीएनएत विषाणूने स्वतःची प्रत आधीच चिकटवून ठेवलेली असते. पेशी झोपली की प्रतही झोपते. ती काही बनवत नाही म्हणून गोळीला पकडायला काही मिळत नाही, आणि पेशीच्या अंगावर विषाणूची खूण दिसत नाही म्हणून शरीराचे पहारेकरीही शेजारून निघून जातात. हे गणंग.

"असे किती असतील?" हा प्रश्न हटकून येतो. सराफ्यात माझा आतेभाऊ दागिन्यांच्या दुकानात बसतो. त्याच्या काट्यावर मी मटकीचे १०० दाणे मोजून टाकले, ३ ग्रॅमच्या आसपास भरले. (शेजारचं गिऱ्हाईक मंगळसूत्र सोडून आमच्याकडे बघत होतं.) म्हणजे १० लाख दाणे साधारण ३० किलो. खऱ्या मटकीत गणंग जास्त निघतात, पण समजा, सियागंजातून आणलेल्या अशा पोत्यात उठू शकणारा गणंग एखादाच. विश्रांतीतल्या सीडी४ पेशींत हेच प्रमाण आहे, दहा लाखांत साधारण एक. आणि हा साठा गोळ्या चालू असताना निम्मा व्हायला सुमारे ४४ महिने लागतात. हिशेब केला तर माणसाचं आयुष्य पुरत नाही. गोळ्या सोडल्या की बहुतेकांत दोन-तीन आठवड्यांत विषाणू परत दिसतो, तो अशाच दाण्यांपासून.

आता 'जागं करा आणि मारा' हा उपाय. काकांना मी विचारलं, गणंगाला मोड आणायचा तर काय कराल? "कडक पाणी घालीन. नाहीतर खरखरीत दगडावर घासीन." शास्त्रज्ञही तेच करू बघतात. डीएनए प्रथिनांच्या रिळांवर घट्ट गुंडाळलेला असतो. व्होरिनोस्टॅट हे मूळचं कॅन्सरचं औषध ती गुंडाळी सैल करतं. २०१२ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात डेव्हिड मार्गोलिस यांच्या गटाने ते ८ जणांना दिलं. झोपलेल्या पेशींत विषाणूची हालचाल खरंच वाढली, पण साठा घटला नाही. इथे घाई करू नका, काकांना जे कळलं नव्हतं ते इथेच आहे: मोड आला म्हणजे दाणा मेला नाही. जागी झालेली पेशी ओळखून मारणारं कुणी हवं. ब्रिटनमध्ये ६० जणांच्या चाचणीत व्होरिनोस्टॅट आणि पहारेकऱ्यांना विषाणू ओळखायला शिकवणारी लस एकत्र देऊन पाहिली. २०२० मध्ये निकाल छापून आला, नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांपेक्षा साठ्यात काही फरक नाही. आणि हे सगळं रोजच्या गोळ्या चालू ठेवूनच करतात. नाहीतर जागा झालेला विषाणू नव्या पेशींत गणंग पेरत सुटेल.

जूनची बातमी मेलबर्नची होती. तिथल्या डोहर्टी इन्स्टिट्यूटने चरबीच्या अतिसूक्ष्म कणांत एमआरएनए (पेशीला काय बनवायचं ते सांगणारा निरोप) भरून तो झोपलेल्या पेशींत पोचवला आणि विषाणूला उठवलं. काम मोठंच आहे, कारण या पेशी सहसा बाहेरचं काही आत घेत नाहीत. पण ते रुग्णांच्या रक्तातून काढलेल्या पेशींवर, काचेच्या भांड्यात झालं. कोणतीही बातमी आली की आधी हेच शोधायला सांगा: पेशीत, प्राण्यात की माणसात? माणसात असेल तर साठा घटला का? एवढं विचारलं की बहुतेक मथळे गळून पडतात.

डायसल्फिरामबद्दल मात्र आवर्जून बजावा. दारू सोडवण्याची ही गोळी पुष्कळ घरांत ओळखीची आहे, आणि तीही विषाणूला उठवते का हे तपासलं गेलंय. जास्त डोसमध्ये व्होरिनोस्टॅटसोबत दिली तेव्हा पहिल्या २ जणांतच मेंदूवर दुष्परिणाम दिसले आणि चाचणी थांबवली. घरी प्रयोग नको.

माझी एक चूक तुम्ही करू नका. सुरुवातीला मी 'झोपलेला साप' म्हणायचे. एका घरात आजीने ते ऐकलं आणि नातवाचं ताट-वाटी वेगळं काढलं. तो पोरगा नियमित गोळ्या घेणारा, विषाणू न आढळणारा, म्हणजे शरीरसंबंधातूनही ज्याच्याकडून लागण होत नाही असा. ताटावरून तर कुणाकडूनच होत नाही. ते ताट परत एकत्र यायला माझ्या तीन खेपा झाल्या. मटकीला कुणी घाबरत नाही.

काका शेवटी गोळ्या घेऊन, रजिस्टरवर सही करून उठले. दारातून वळले. "ताई, ते गणंग फेकता का हो?"

नाही. वाळवून डबीत ठेवते. पुढच्या खेपेला सगळ्या मटकीला मोड आले, तर दाखवायला काहीतरी हवं ना.