हिमनदीवर फिल्म करायची आहे? आधी जुना फोटो शोधा

माझी हिमनदीवरची पहिली फिल्म अठरा मिनिटांची होती. तिच्यात चार सूर्योदय होते, ड्रोनने टिपलेली सात दृश्यं होती आणि शेवटी माझ्याच आवाजात दोन मिनिटांचं गंभीर निवेदन होतं, पृथ्वी कशी तापते आहे याबद्दल. एका जुन्या गिर्यारोहक मित्राने ती शांतपणे पाहिली आणि विचारलं, "छान आहे गं, पण या सगळ्याने तुमच्या चढाईत नेमका काय फरक पडला?"

मला उत्तर देता आलं नाही. फरक तर पडला होता. बर्फावर उतरायला आम्हाला घसरत्या दगडांच्या उतारावरून अडीच तास लागले होते; जुन्या वर्णनात तिथे अर्ध्या तासाची सोपी वाट होती. ते अडीच तास कॅमेरा माझ्या सॅकमध्ये पडून होता, कारण ती जागा दिसायला घाणेरडी होती. राखाडी माती, दगड, धूळ. म्हणजे फिल्मचा विषय पायाखालून जात होता आणि मी सूर्योदयाची वाट बघत होते.

तेव्हापासून साहसाच्या फिल्मला हात घातला की मी आधी एक प्रश्न सोडवते: हवामानातला बदल चालणाऱ्याच्या पायाला कुठे लागतो? वाट बदलली का, निघायची वेळ बदलली का, दोर कुठे जास्त लागला, कुठे शिडी आली? उत्तर मिळत नसेल तर ती फिल्म फार तर सुंदर होते.

आल्प्समधल्या मॉ ब्लाँ शिखराच्या परिसराचं उदाहरण मी सगळ्यांना सांगते. गास्ताँ रेब्युफा या फ्रेंच गिर्यारोहकाने १९७३ मध्ये तिथल्या शंभर उत्तम चढाईमार्गांचं पुस्तक काढलं. २०१९ मध्ये संशोधकांनी त्यातले ९५ मार्ग तपासले. ९३ मार्गांवर हवामानबदलाचा काही ना काही परिणाम झालेला होता, २६ मार्गांवर मोठा, आणि तीन मार्ग उरलेच नव्हते. मला यात पटकथा दिसते. हातात जुनं पुस्तक, समोर आजचा डोंगर. पुस्तक म्हणतं 'इथून बर्फावर या' आणि समोर उघडा खडक. निवेदनाची गरजही पडत नाही.

तर पहिलं काम घरीच, मोहिमेच्या दोन-तीन महिने आधी: तुम्ही जाणार त्या जागेचं जुनं वर्णन, जुना नकाशा आणि जुना फोटो शोधा. गिर्यारोहण संस्थांची वार्षिकं, सर्वेक्षण खात्यांचे संग्रह, विद्यापीठांची ग्रंथालयं, कुणाच्या तरी आजोबांचा अल्बम. फोटो कधीचा आहे हे ठाऊक नसेल तर तो वापरू नका. वर्ष हवंच, महिना मिळाला तर फारच उत्तम.

महिना का, ते सांगते. जूनमधला जुना फोटो आणि सप्टेंबरमधला नवा फोटो शेजारी ठेवला, तर दिसणारा निम्मा फरक हा नुसता त्या हिवाळ्यात पडलेल्या बर्फाचा असतो. जाणकार प्रेक्षक तिथेच तुमच्यावरचा विश्वास काढून घेतो. उत्तर गोलार्धात वितळण्याचा हंगाम संपताना, साधारण ऑगस्टअखेर ते सप्टेंबर, वरचं ताजं बर्फ गेलेलं असतं आणि खरी हिमनदी उघडी दिसते. शक्यतो तेव्हा जा. जुन्या फोटोचा महिना माहीत नसेल तर सावल्या बघा. उन्हाची दिशा बरंच काही सांगते.

आता त्याच जागी उभं राहण्याची गोष्ट. हे मला सगळ्यात आवडणारं काम आहे, त्यामुळे थोडं लांबवते. जॉर्ज मॅलरी या गिर्यारोहकाने १९२१ च्या ब्रिटिश मोहिमेत एव्हरेस्टच्या उत्तरेकडच्या रोंगबुक हिमनदीचा फोटो काढला होता. डेव्हिड ब्रीशर्स हा अमेरिकन गिर्यारोहक आणि फिल्मकार २००७ मध्ये नेमका त्याच ठिकाणी जाऊन उभा राहिला. दोन्ही फोटो शेजारी ठेवले की मधला बर्फ किती खाली बसला ते शब्दाविना कळतं. जवळपास शंभर मीटर. पण हे कळतं ते फक्त कॅमेरा त्याच जागी असल्यामुळे. दहा मीटर इकडेतिकडे झालं असतं तर तुलना लंगडी पडली असती.

जागा जुळवायची ती अशी. जुन्या फोटोत जवळचा एक खडक आणि त्याच्या मागे दूरच्या कड्याची एखादी खाच अशी जोडी निवडा. डाव्या बाजूला एक जोडी, उजव्या बाजूला दुसरी. फोटोची प्रत हातात घेऊन फिरा. तुम्ही उजवीकडे सरकलात की जवळचा खडक दूरच्या खाचेच्या तुलनेत डावीकडे सरकतो. वर चढलात की तो खाली जातो. दोन्ही जोड्या एकाच वेळी जुळल्या की जागा मिळाली. लेन्सची काळजी शेवटी. दृश्यातली मांडणी ठरते ती तुम्ही कुठे उभे आहात यावरून, लेन्सवरून नाही. थोडी रुंद लेन्स लावा आणि नंतर कापा. एक अडचण मात्र येते: कधीकधी जुनी जागा म्हणजे बर्फाचाच पृष्ठभाग होता आणि तो आता नाही. फोटोग्राफर जिथे उभा होता तिथे आज हवा आहे. अशा वेळी ड्रोन खरंच उपयोगी पडतो, आणि तो परवानगी असेल तिथेच. ड्रोनवर माझा राग आहे असं सगळे म्हणतात, पण या एका कामासाठी मी त्याला माफ करते.

टाइमलॅप्सचं, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेले फोटो जोडून केलेल्या वेगवान दृश्याचं, आकर्षण सगळ्यांना असतं. आधी हिशेब करा. रोज उजेडाचे दहा तास, तासाला एक फोटो, वर्षभरात ३,६५० फोटो. सेकंदाला २५ चौकटी धरल्या तर २ मिनिटं २६ सेकंद. रोज एकच फोटो काढला तर वर्षाचे साडेचौदा सेकंद होतात, आणि खरं सांगते, बहुतेक फिल्मना तेवढे पुरतात. फोकस लावून त्यावर चिकटपट्टी मारा. व्हाइट बॅलन्स (कॅमेरा रंगांचा तोल राखतो ते सेटिंग) स्वयंचलित ठेवू नका. प्रत्येक फोटोचा रंग वेगळा येतो आणि एडिटला बसल्यावर रडू येतं. आणि कॅमेरे बंद पडतात हे गृहीत धरा. जेम्स बॅलॉग या अमेरिकन छायाचित्रकाराने २००७ मध्ये हिमनद्यांवर कायमचे कॅमेरे बसवायला सुरुवात केली, तेव्हा त्याच्याकडेही खास बनवून घेतलेल्या टायमर सर्किटांनी दगा दिला होता. 'चेसिंग आइस' (२०१२) या फिल्ममध्ये ते अपयशही दाखवलं आहे, आणि मला त्या फिल्मवर विश्वास बसला तो तिथेच. पुढे 'चेसिंग कोरल' (२०१७) ही प्रवाळांवरची फिल्म करताना पाण्याखालच्या स्वयंचलित कॅमेऱ्यांचा फोकस बिघडला, तर त्या लोकांनी रोज पाण्यात उतरून हाताने चित्रीकरण केलं. पर्याय गाठीशी ठेवा.

थंडीबद्दल थोडक्यात. बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून. गार पडून 'संपलेली' बॅटरी उबेत आणली की पुष्कळदा पुन्हा काही काळ चालते. तंबूत शिरण्याआधी कॅमेरा प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, म्हणजे दव पिशवीवर जमतं, लेन्सच्या आत नाही. बर्फ करडा दिसत असेल तर एक्स्पोजर एक ते दीड स्टॉप वाढवा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). माइकवर केसाळ टोपी हवीच. आणि वारा थांबला की दोन मिनिटं नुसता आवाज टिपा: जुना बर्फ वितळताना त्यात अडकलेले हवेचे बुडबुडे फुटतात आणि बारीक तडतड ऐकू येते. माझ्या तीन फिल्ममध्ये संगीतापेक्षा या तडतडीने जास्त काम केलं आहे.

आता एक मोह. बर्फाचा अजस्र कडा समुद्रात कोसळतो, ते दृश्य. 'चेसिंग आइस'च्या चमूने २००८ मध्ये ग्रीनलंडच्या इलुलिसात इथे असं कोसळणं सुमारे ७५ मिनिटं टिपलं, आणि ते थरारक आहेच. पण समुद्रात उतरणारी हिमनदी कडे तोडतच असते. धडधाकट हिमनदीही तोडते. एक कोसळलेला कडा हा पुरावा होत नाही. पुरावा म्हणजे हिमनदीचं मुख वर्षानुवर्षं मागे जाणं, तिची जाडी घटणं. तसंच, काही हिमनद्या पुढेही येतात. कराकोरममध्ये अशा आहेत, आणि त्यांची कारणं वेगळी. तुमची हिमनदी त्यातली निघाली तर ते लपवू नका. एका उकाड्याच्या दिवसाला 'हवामानबदल' म्हणू नका. हवामानाची सरासरी तीस वर्षांवर काढतात.

माणसांशी बोलताना 'हवामान बदललंय असं वाटतं का?' असं विचारू नका. उत्तर वर्तमानपत्रातलं मिळतं. मी विचारते, 'तुम्ही पहिल्यांदा इथे आलात तेव्हा बर्फ कुठून सुरू व्हायचा? दाखवता का?' मग माणूस उठतो, चालायला लागतो, हात करून दाखवतो. कॅमेरा त्याच्या मागे. एकदा एक वाटाड्या असा तब्बल वीस मिनिटं चालत राहिला, मधेच थांबून म्हणाला, "इथे आम्ही क्रॅम्पॉन चढवायचो," म्हणजे बर्फावर चालायचे बुटांचे खिळे, आणि पायाखाली झुडपं होती. ते वीस मिनिटांचं फुटेज कापून मी चार मिनिटांचं केलं आणि अजून पश्चात्ताप होतो. त्याला आधी दाखवून, विचारून मगच पुढे पाठवलं. हे नेहमी करा. आणि ज्यांच्या पाठीवर तुमचं सामान आहे तेही जाणकार आहेत, त्यांना फक्त ओझं वाहताना टिपू नका.

एकच माणूस पुन्हा त्याच जागी गेला तर आणखी बरं. विल गॅड या बर्फारोहकाने २०१४ मध्ये किलिमांजारोवरचा बर्फ चढला आणि २०२० मध्ये तो पुन्हा तिथे गेला. मधल्या काळात चढायला फारच थोडं उरलं होतं. आलेख दाखवून हे एवढं पोचलं नसतं.

सुरक्षिततेचा भाग मी दृश्य म्हणूनच बघते. ऑगस्ट २०२३ मध्ये स्वित्झर्लंडवर शून्य अंशाची पातळी, म्हणजे जिच्या वर हवा गोठणबिंदूखाली जाते ती उंची, ५,२९८ मीटरवर मोजली गेली. मॉ ब्लाँचं शिखरच ४,८०० मीटरच्या आसपास आहे. रात्रीच्या गारठ्याने दगड आणि बर्फ धरून ठेवावेत, या भरवशावर जुन्या वेळा ठरल्या होत्या. ३ जुलै २०२२ ला इटलीत मार्मोलादा या डोंगरावरचा हिमनदीचा तुकडा कोसळला आणि अकरा जण गेले. त्यामुळे रात्री तंबूत 'उद्या निघायचं की नाही' ही चर्चा होते तेव्हा कॅमेरा चालू ठेवा. आमच्या दुसऱ्या मोहिमेत आम्ही शिखराच्या खालूनच परतलो. तेव्हा मी चिडले होते. फिल्मचा सगळ्यात घट्ट प्रसंग तोच निघाला, दिव्याच्या उजेडात पाच थकलेले चेहरे आणि बाहेर दर दहा मिनिटांनी गडगडणारे दगड.

विमानाने जाऊन वितळणारा बर्फ दाखवतो, हा विरोधाभास प्रेक्षकाला दिसतोच. एकदाच, सरळ, चित्रातून दाखवा. माफीनामा नको आणि समर्थनही नको.

एडिट करताना जुना फोटो किमान सहा सेकंद पूर्ण स्थिर ठेवा, निवेदन बंद. मग आजचं दृश्य, तेवढंच. ती सरकती रेघ, डावीकडे जुनं उजवीकडे नवं, मला आवडत नाही. लोक रेघेकडे बघत बसतात. निवेदनात 'निसर्गाचा कोप' लिहिलंत तर खोडा. 'आम्हाला अडीच तास लागले' हे ठेवा.

परतण्याआधी एक कागद भरा: जागेचे अक्षांश-रेखांश, ट्रायपॉडची उंची, लेन्स, कॅमेऱ्याची दिशा, तारीख, वेळ. फुटेजसोबत तो जपा, पुढे कुणीतरी तिथे उभं राहणार आहे. शिवाय ट्रायपॉडचाच एक फोटो काढा, मागून, दहा पावलांवरून, आजूबाजूचे खडक दिसतील असा. मी पहिल्या वर्षी तो काढला नव्हता, आणि दुसऱ्या वर्षी माझाच खडक शोधण्यात माझी एक अख्खी स्वच्छ सकाळ गेली.