लिमिटर घ्यायचाय? थांबा, आधी हे करून बघा

दर नोव्हेंबरात सेल लागले की आमच्या ग्रुपवर तोच प्रश्न येतो, अरे मास्टरिंगला (गाण्यावरचा शेवटचा हात) कुठला लिमिटर (पीक, म्हणजे आवाजाची क्षणिक उंच टोकं, दाबून गाणं मोठं करणारं प्लगइन) घेऊ, आणि मग दहा जण दहा नावं सांगून मोकळे. मी पण एका वर्षी रात्री दीड वाजता अर्धवट झोपेत कार्ड नंबर टाकून एक चकाचक लिमिटर घेतला होता, हलणारे ग्राफ, रंगीत मीटर, एकदम भारी प्रकरण. पुढे भाच्याला माऊसवर बसवलं, मी डोळे मिटून ऐकलं, आणि तो लिमिटर आणि फुकटातला लाउडमॅक्स यांच्यातला फरक मला दहापैकी पाच वेळा ओळखता आला. म्हणजे नाणं उडवलं असतं तरी तेवढंच आलं असतं 😅

तर पैसे खर्च करायच्या आधी फुकटातलं काय आहे ते नीट वापरून बघा. लाउडमॅक्समध्ये मुख्य स्लायडर दोनच, थ्रेशोल्ड (कुठल्या लेव्हलपासून दाबायचं) आणि आऊटपुट (बाहेर किती सोडायचं), त्यामुळे चुकायला जागाच कमी. लिमिटर नंबर सिक्स पण फुकट आहे, त्यात कॉम्प्रेसर, पीक लिमिटर, वरच्या फ्रिक्वेन्सींचा वेगळा लिमिटर, क्लिपर (टोकं सरळ छाटणारा) असं सगळं एकाच खिडकीत कोंबलंय, शिकायला जरा वेळ जातो पण वसूल होतो. रेकॉर्डिंगला रीपर सॉफ्टवेअर वापरत असाल तर रिआलिमिट आधीच आत बसलेला आहे, लॉजिकमध्ये अॅडाप्टिव्ह लिमिटर, एबलटनमध्ये त्यांचा स्वतःचा. बऱ्याच जणांना हे माहीतच नसतं, ते थेट सेलच्या पानावर जातात.

आणि मीटर? यूलीन लाउडनेस मीटरचं फुकट व्हर्जन टाकाच. त्याच्याशिवाय लिमिटरची तुलना करणं म्हणजे वजनकाट्याशिवाय भाजी घेणं.

आता मुख्य गोष्ट, तुलना करायची कशी. आपल्या कानाला जे मोठं वाजतं तेच चांगलं वाटतं, अर्धा डीबी (डेसिबल) जरी जास्त असला तरी, आणि लिमिटर तर आवाज मोठा करायलाच असतो, त्यामुळे तो चालू केला की गाणं "उघडल्यासारखं" वाटणारच, ती फसवणूक आहे. म्हणून लेव्हल सारखी करून ऐकायचं. लाउडमॅक्समध्ये हे सोप्पं आहे: थ्रेशोल्ड मायनस ४ ला आणलात तर आऊटपुट पण मायनस ४ करा, दोन्ही एकत्र हलवायची लिंक पण आहे त्यात. मग वाढीव आवाज उरतच नाही, फक्त पीक कापले जातात, आणि प्लगइन चालू-बंद करून ऐकलंत की त्याने गाण्याचं नेमकं काय केलं ते उघडं पडतं. दुसऱ्या लिमिटरमध्ये अशी सोय नसेल तर यूलीन बघून आऊटपुट हाताने खाली घ्या.

ऐकायला गाण्यातला सगळ्यात भरलेला २० सेकंदांचा तुकडा घ्या, पंखा बंद करा, आणि गेन रिडक्शन (लिमिटर किती दाबतोय तो आकडा) आधी ३ डीबी मग ६ डीबी ठेवून बघा. माझ्याकडे एक ताशाचा ट्रॅक आहे, काडीचा एकेक फटका सुईसारखा वर येतो, लिमिटर वाईट असेल तर फटका पडला की मागचा हार्मोनियम क्षणभर खाली बसतो आणि परत वर येतो, श्वास घेतल्यासारखा. एकदा ते ऐकू आलं की मग सुटत नाही. दुसरी परीक्षा बेसची. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट २० मिलिसेकंदांची असते, आणि लिमिटरचा रिलीज (दाबलेला आवाज परत सोडायला लागणारा वेळ) त्याहून फास्ट असेल तर तो एकाच लाटेच्या आत वर-खाली व्हायला लागतो, लाटेचा आकारच बिघडतो आणि बेस घसा बसल्यासारखा खरखरतो. रिलीज वाढवलात की खरखर जाते पण मग तो श्वास घेणं वाढतं. या दोघांच्या मधे ज्याला जास्त जागा सापडते तो चांगला लिमिटर, बाकी रंगरूप गेलं खड्ड्यात.

६ डीबीला सगळेच फाटत असतील तर दोष लिमिटरचा नाही हो, मिक्सचा आहे! ढोलकी किंवा किकचे पीक मिक्समध्येच थोडे छाटा, व्हेन ऑडिओचा फ्री क्लिप नावाचा फुकट क्लिपर आहे, ड्रम बसवर (सगळ्या ड्रमच्या एकत्र चॅनलवर) त्याने दीड-दोन डीबी उडवले तर बहुतेक वेळा कानाला कळत पण नाही आणि पुढे लिमिटरचं ओझं हलकं होतं. मी हे उलट्या क्रमाने शिकलो, आधी पैसे गेले मग अक्कल आली.

किती मोठं करायचं यावर लोक भांडत बसतात. स्पॉटिफायवर नॉर्मल सेटिंगला गाणी मायनस १४ लफ्सला (लफ्स म्हणजे कानाला जाणवणाऱ्या मोठेपणाचं माप) आणून वाजवतात, म्हणजे तुम्ही जीव काढून मायनस ९ ला नेलंत तर ते ५ डीबी खाली ओढणार, तुमच्या हातात राहणार फक्त चिरडलेले ड्रम. म्हणून सगळ्यांनी मायनस १४ लाच थांबावं असं मी म्हणत नाही, डान्सचं गाणं दाबलेलंच छान लागतं, पण ते आवडलं म्हणून दाबा, भीतीने नको. सीलिंग (वरची मर्यादा) मात्र मायनस १ डीबी ट्रू पीक (सॅम्पलच्या मधे उसळणारी टोकंही मोजून) ठेवा, फाईल कॉम्प्रेस होताना पीक थोडे वर उसळतात. त्यामुळे लिमिटर निवडताना ट्रू पीकची सोय आहे का हे नक्की बघा, लाउडमॅक्समध्ये आयएसपी (इंटर-सॅम्पल पीक) नावाचं बटण त्यासाठीच आहे.

एवढं सगळं करूनही फुकटातलं कमी पडतंय असं वाटलं तर खुशाल पैसे काढा. माझं मत विचाराल तर टोकियो डॉनचा लिमिटर सिक्स जीई, तो त्या फुकट नंबर सिक्सचाच मोठा भाऊ आहे, मॉड्यूलांचा क्रम बदलता येतो, आत मीटर पण आहे. फॅबफिल्टरचा प्रो-एल २ उत्तमच आहे, वापरायला लोण्यासारखा, पण तो "स्वस्त"च्या यादीत बसत नाही, पहिल्या पाच गाण्यांसाठी तर नाहीच नाही.

घेताना ट्रायल आधी उतरवा आणि वरची ताशा-बेसची परीक्षा तुमच्याच गाण्यावर घ्या, कंपनीच्या डेमोवर नको. लायसन्स किती मशीनवर चालतं, आयलॉक (लायसन्स तपासणारी वेगळी किल्ली) लागतं का, नवीन ऑपरेटिंग सिस्टम आली की अपडेटचे परत पैसे घेतात का, हे पैसे भरायच्या आधी वाचा. डॉलरमधली किंमत बघून हुरळून जाऊ नका, बँक त्यावर फॉरेक्स मार्कअप आणि त्या मार्कअपवर जीएसटी लावते, माझ्या स्टेटमेंटवर तो आकडा बघून बायकोने विचारलं होतं की हे नक्की काय घेतलंस, आणि मला "आवाज मोठा करायचं यंत्र" याच्यापुढे काही सांगताच आलं नाही.